हिरवळीला पाणी : किती, केव्हा आणि कसे

शासकीय कार्यालयाच्या दर्शनी भागात, शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती, ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीपुढे किंवा घराच्या अंगणात हिरवळीचा एखादा तुकडा असावा, ही हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. हिरवळीने धूळ बसते, डोळ्यांना गारवा मिळतो, मुलांना बसावयास व खेळावयास जागा होते. या हौसेत गैर असे काही नाही. मात्र या हिरवळीला पाणी देण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे, तिच्यामुळे पाणीही वाया जाते आणि गवतही दुबळे राहते. ज्या राज्यात दर उन्हाळ्यात अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा विषय केवळ बागकामाचा राहत नाही. म्हणून त्याचा थोडा हिशेबाने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखातील आकडे मुख्यतः पुणे, सातारा, नाशिक या पठारी भागातील सौम्य हवामान डोळ्यांपुढे ठेवून दिले आहेत. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात गरज याहून अधिक, तर कोकणच्या दमट हवेत काहीशी कमी राहील. पद्धत मात्र सर्वत्र एकच आहे.

उसनी कल्पना, आपले गवत

कापून सारखी केलेली हिरवळ ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमदानीत बंगल्यांच्या आवारातून आली. तिचे मूळ ज्या देशात आहे तेथे पाऊस फार पडतो, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. लंडन शहरात वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस होतो. पुण्याचा पाऊस त्याहून अधिक, म्हणजे ७०० मिलिमीटरच्या वर आहे. फरक आहे तो वाटणीत. लंडनचा पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा विभागला जातो. आपला बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे आठ महिने जमिनीला साठ्यावर काढावे लागतात. तेथील हिरवळ आभाळाच्या भरवशावर वाढते. आपली हिरवळ नळाच्या, विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या भरवशावर.

सुदैवाने आपल्याकडील बहुसंख्य हिरवळी ज्या गवताच्या आहेत ते गवत या मातीचेच आहे. ते म्हणजे हरळी. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो त्या याच वनस्पतीच्या. शेतकऱ्याला मात्र हरळीचे नाव काढले तरी कपाळावर आठी पडते. कारण काळ्या रानात एकदा ती माजली की तिच्या काशा खणून काढता काढता माणूस थकतो. आठ महिने पाण्याचा थेंब न मिळता, उन्हात वाळून कोळ झालेली हरळी पहिल्या पावसासरशी पुन्हा फुटते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. शेतात जिला मारणे कठीण, तीच हरळी अंगणात रोज पाणी मिळूनही पिवळी का पडते? या प्रश्नाच्या उत्तरातच या लेखाचे सार आहे.

पाणी पानांना की मुळांना?

नेहमीचे दृश्य आठवून पाहावे. सकाळी अकराच्या सुमारास, ऊन चढल्यावर, एक जण रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून हिरवळीवर फवारा मारीत असतो. दहा मिनिटांत सारे गवत चमकू लागते आणि काम झाले असे समजून नळ बंद होतो. आता याचा हिशेब करू. साधारण नळाने पंधरा लिटरची बादली एक मिनिटात भरत असेल, तर दहा मिनिटांत १५० लिटर पाणी पडले. हिरवळ शंभर चौरस मीटरची असेल, तर प्रत्येक चौरस मीटरला दीड लिटर मिळाले. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले की त्याची खोली बरोबर एक मिलिमीटर होते. म्हणजे त्या हिरवळीला अवघे दीड मिलिमीटर पाणी मिळाले. त्यातील बराच भाग पानांवरूनच उडून जातो. उरलेला मातीचा वरचा थर जेमतेम ओला करतो.

रोज अशी वरवरची ओल मिळाली की मुळे खाली जात नाहीत. पाणी जेथे मिळते तेथेच मुळे घोटाळतात, हा वनस्पतींचा स्वभाव आहे. परिणामी हिरवळ पृष्ठभागावर जगू लागते. एक दिवस पाणी चुकले की ती कोमेजते, आणि ती कोमेजली म्हणून आपण आणखी वारंवार पाणी देतो. हेच दुष्टचक्र हरळीसारख्या चिवट गवतालाही परावलंबी करून सोडते. शेतातील हरळीच्या काशा खोल गेलेल्या असतात, म्हणून ती तगते. अंगणातील हरळी आपणच उथळ करून ठेवली आहे.

याच्या उलट दुसरी चूक म्हणजे नळी हिरवळीत सोडून विसरून जाणे. तीच नळी रात्रभर आठ तास चालू राहिली तर ७,२०० लिटर पाणी, म्हणजे त्याच हिरवळीवर ७२ मिलिमीटर पाणी पडते. गवताची मुळे त्यातील एक-तृतीयांशही धरून ठेवू शकत नाहीत. उरलेले मुळांच्या खाली निघून जाते वा गटाराला मिळते, आणि जाताना मातीतील विद्राव्य अन्नद्रव्येही घेऊन जाते.

यावरून नियम असा निघतो की, पाणी कमी वेळा द्यावे. पण जेव्हा द्यावे तेव्हा मुळांच्या खोलीपर्यंत पोहोचेल इतके द्यावे, आणि त्याहून अधिक देऊ नये.

गवताची खरी गरज

जमिनीवरून होणारे बाष्पीभवन आणि पानांतून होणारे उत्सर्जन मिळून पाण्याचा जो खर्च होतो, तो हवामानशास्त्राच्या पद्धतींनी मोजता येतो. आपल्या पठारी भागात हा खर्च हिवाळ्यात दररोज साधारणपणे ३ ते ४ मिलिमीटर, तर एप्रिल-मे महिन्यांत ६ ते ८ मिलिमीटर इतका धरला जातो. हरळीसारख्या उष्ण प्रदेशातील गवताला यापैकी सुमारे दोन-तृतीयांश पाणी पुरते. म्हणजे हिवाळ्यात दिवसाला सव्वादोन आणि ऐन उन्हाळ्यात साडेचार मिलिमीटर पाणी हरळीला पुरेसे होते.

शंभर चौरस मीटरच्या हिरवळीला हेच प्रमाण लावले तर हिवाळ्यात दिवसाला सुमारे २२५ लिटर व उन्हाळ्यात ४५० लिटर पाणी लागते. हा आकडा किती मोठा आहे याची कल्पना येण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविण्यात आले. म्हणजे एका मध्यम आकाराच्या हिरवळीची, काटकसरीने मोजलेली उन्हाळी गरजही आठ माणसांच्या पाण्याइतकी आहे. नळी बेफिकिरीने सोडली तर तेच पाणी कितीतरी अधिक माणसांचे होते.

जमीन ही पाण्याची टाकी

हे पाणी रोज द्यावयाचे नाही. ते जमिनीत साठवून ठेवावयाचे आहे. त्यासाठी आपल्या हिरवळीखालची जमीन कशी आहे हे आधी पाहावयास हवे. एका कोपऱ्यात फूटभर खोल खणून पाहिल्यास ते लगेच कळते.

पोयट्याची जमीन ३० सेंटिमीटर खोलीत गवताच्या उपयोगी पडेल असे सुमारे ४५ मिलिमीटर पाणी धरते. त्यातील निम्मे संपले की पुढची पाळी द्यावी, असा सिंचनाचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे एका पाळीला २२ मिलिमीटर पाणी द्यावयाचे. ते उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात नऊ ते दहा दिवस पुरते. काळी भारी जमीन याहून थोडे अधिक पाणी धरते. तेथे उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांचे व हिवाळ्यात दहा-अकरा दिवसांचे अंतर चालते.

आपल्या अनेक इमारतींच्या आवारात मात्र परिस्थिती वेगळी असते. बांधकामाचा राडारोडा व मुरूम पसरून त्यावर अर्धा फूट माती टाकलेली असते आणि तिच्यावर हिरवळ लावलेली असते. अशी टाकी फारच लहान. तिच्यात एका पाळीला आठ-नऊ मिलिमीटरहून अधिक पाणी मावत नाही आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी द्यावे लागते. नवी हिरवळ करणाऱ्यांनी म्हणूनच बियाणे किंवा ठोंबे यांच्यापेक्षा मातीकडे अधिक लक्ष द्यावे. राडारोडा काढून किमान एक फूट चांगली माती, तिच्यात भरपूर कुजलेले शेणखत, एवढे प्रारंभी केले तर पुढे वर्षानुवर्षे पाण्याच्या निम्म्या पाळ्या वाचतात.

पाणी मोजण्याच्या सोप्या रीती

हे सारे मोजण्यासाठी कोणत्याही महाग उपकरणाची आवश्यकता नाही. नळीने पाणी देत असल्यास ठरावीक मापाची बादली किती वेळात भरते ते पाहावे. शंभर चौरस मीटरवर २२ मिलिमीटर म्हणजे २,२०० लिटर. मिनिटाला पंधरा लिटरप्रमाणे त्यास जवळजवळ अडीच तास लागतील. हा वेळ ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. पण तो पाच किंवा दहा दिवसांतून एकदाच द्यावयाचा आहे आणि त्या वेळात नळीची जागा सतत बदलावयाची आहे.

तुषार बसविले असतील तर सरळ काठाचे दहा-बारा डबे हिरवळीवर सारख्या अंतराने मांडावेत, तुषार पंधरा मिनिटे चालू ठेवावेत आणि प्रत्येक डब्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजावी. सरासरी खोली ४ मिलिमीटर भरली, तर २२ मिलिमीटरसाठी सुमारे ऐंशी मिनिटे लागतील, हे त्रैराशिकाने काढता येते. या चाचणीचा आणखी एक लाभ आहे. काही डबे भरलेले व काही जवळजवळ कोरडे आढळले, तर पाणी सारखे पडत नाही हे दिसून येते. पुष्कळदा हिरवळीचा एखादा भाग पिवळा पडण्याचे कारण एवढेच असते, आणि त्या तुकड्यापायी आपण सगळ्याच हिरवळीला जादा पाणी देत राहतो.

शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखा आहे. क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी आणि त्रैराशिक यांचे इतके प्रत्यक्ष उदाहरण फळ्यावर सापडणे कठीण. याच डब्यांत पावसाचे पाणीही मोजता येईल.

पाणी केव्हा द्यावे?

वर दिलेले दिवसांचे अंतर हा केवळ अंदाज आहे. अंतिम निर्णय वार पाहून करू नये, तर जमीन व गवत पाहून करावा. शेतकरी वाफसा पाहून पेरणीचा निर्णय घेतो. माती मुठीत दाबली असता गोळा होतो, पण हाताला चिखल लागत नाही, ती वाफशाची अवस्था. हिरवळीखालची माती या अवस्थेत असेतो पाणी देण्याचे कारण नाही. दुसरी खूण लोखंडी सळईची. हाताएवढी सळई जमिनीत सहज वीतभर गेली तर ओल आहे. वरच अडली तर पाळीची वेळ झाली. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी हीच सळई खुपसून ओल किती खोल गेली तेही पाहता येते.

गवतही आपली तहान बोलून दाखविते. हिरवळीवरून चालल्यावर पावलांचे ठसे लगेच पुसले गेले तर गवतात पाणी आहे. ठसे बराच वेळ तसेच राहिले, पाती मिटू लागली व हिरव्या रंगावर निळसर-करडी झाक आली, तर पाणी द्यावे. दुपारच्या उन्हात थोडा वेळ पाती मिटलेली दिसणे स्वाभाविक आहे. म्हणून ही पाहणी सकाळी करावी.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. पहाटेपासून साधारण आठ वाजेपर्यंतचा काळ उत्तम. त्या वेळी वारा कमी असतो, ऊन नसते आणि पाणी जमिनीत मुरते. दुपारी दिलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा हवेत जातो. रात्री दिलेले पाणी उडून जात नाही हे खरे; पण पाती रात्रभर ओली राहिल्यास बुरशीजन्य रोगांना निमंत्रण मिळते.

काळ्या जमिनीची खोड

काळी जमीन पाणी पुष्कळ धरते, पण पिते फार सावकाश. भारी चिकणमातीत तासाला सुमारे पाच मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाणी मुरते. वाळूमिश्रित जमिनीत तेच वीस मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणून काळ्या जमिनीवर तुषार दीड तास सलग चालविले तर पाणी मुरण्याऐवजी वाहून रस्त्यावर येते. अशा ठिकाणी वीस मिनिटे पाणी द्यावे, तासभर थांबावे, आणि पुन्हा द्यावे. पाळी दोन सकाळींत विभागली तरी चालेल. उताराच्या जागी हीच रीत पाळावी. पायवाटेने दबून घट्ट झालेल्या भागात पंजेदार अवजाराने भोके पाडल्यास पाणी आणि हवा दोन्ही खाली जातात.

कापणी, सावली आणि ऋतू

गवत किती आखूड ठेवावे यावरही पाण्याची गरज अवलंबून असते. गालिच्यासारखे अगदी आखूड कापलेले गवत दिसावयास नेटके असते, परंतु त्याची मुळेही आखूड राहतात आणि जमीन उघडी पडून तापते. उन्हाळ्यात हरळी साधारण चार सेंटिमीटर उंच ठेवावी आणि एका कापणीत पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. बारीक कापलेले गवत तेथेच पडू द्यावे. ते कुजून मातीला मिळते.

दाट सावलीत हरळी नीट वाढत नाही. आंबा किंवा वडाखाली ती विरळ होते, ती पाण्याअभावी नव्हे तर उन्हाअभावी. तेथे पाणी वाढविण्यापेक्षा गवताचा हट्ट सोडणे शहाणपणाचे.

हिवाळ्यात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास आले की हरळीची वाढ मंदावते व तिचा रंग फिका पडतो. ही तहान नव्हे, विश्रांती आहे. पावसाळ्यात २० मिलिमीटर पाऊस झाला की एक पाळी आपोआप मिळाली असे धरावे. भर पावसात स्वयंचलित तुषार चालू असल्याचे दृश्य कोणत्याही कार्यालयाच्या आवारात दिसता कामा नये. नवीन लावलेल्या हिरवळीला मात्र पहिले दोन-तीन आठवडे थोडे थोडे पाणी वारंवार द्यावेच लागते. मुळे धरली की अंतर क्रमाक्रमाने वाढवीत न्यावे. उथळ मुळांच्या जुन्या हिरवळीलाही हीच क्रमाक्रमाची सवय लावावी लागते. नवी लागवड पावसाळ्याच्या आरंभी केल्यास हे पाणीही बहुतांशी आभाळातून मिळते.

टंचाईच्या काळात

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मैदानांच्या हिरवळीवर खर्च होणारे पाणी हा त्या प्रकरणातील मुख्य मुद्दा होता. मैदानांना जो न्याय, तोच आपल्या अंगणाला आणि कार्यालयाच्या आवाराला लागू पडतो. गावात टँकर उभा असताना पंचायतीपुढची हिरवळ हिरवीगार असणे शोभादायक नाही.

अशा वेळी हिरवळीचे पाणी तोडले तर केलेला खर्च वाया जाईल, अशी भीती घातली जाते. चांगली रुजलेली हरळी असेल तर ही भीती अनाठायी आहे. पाणी तुटल्यावर ती वरून वाळते, पिवळी-तपकिरी होते, पण जमिनीखालच्या काशा जिवंत असतात. या अवस्थेत तिच्यावर वावर कमी ठेवावा, कापणी बंद करावी, खत देऊ नये. मृगाचा पाऊस पडताच ती पुन्हा फुटते. रुंद पानांच्या काही शोभेच्या गवतांची गोष्ट वेगळी आहे. ती इतकी सोशिक नाहीत. म्हणूनच टंचाईग्रस्त भागात हिरवळ करावयाचीच असेल तर हरळीचीच करावी आणि तीही गरजेपुरती.

स्नानाचे सांडपाणी हिरवळीला देता येते, मात्र काही पथ्ये पाळून. ते साठवून ठेवू नये, त्याच दिवशी वापरावे. तुषाराने उडवू नये, जमिनीलगत सोडावे. आणि ते मुरेपर्यंत मुलांना तेथे खेळू देऊ नये. धुण्याच्या सोड्याचे पाणी काळ्या जमिनीस सतत दिल्यास त्यातील सोडियममुळे माती घट्ट होते व पाणी पिईनाशी होते, ते टाळावे. भांडी घासलेले तेलकट पाणीही देऊ नये.

उपसंहार

प्रत्येक कार्यालय, शाळा व ग्रामपंचायत यांनी यासाठी चार गोष्टी केल्या तरी पुष्कळ साधेल. आपल्या हिरवळीचे क्षेत्रफळ मोजून ठेवावे. एका पाळीस किती पाणी व किती वेळ लागतो ते काढून माळ्याच्या किंवा शिपायाच्या हाती लिहून द्यावे. पाळी दिल्याची तारीख एका वहीत नोंदवावी. आणि टंचाई जाहीर होताच पाणी बंद करण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा हे आधीच ठरवून ठेवावे. ज्याच्या हाती नळी असते त्याला पाणी घालावयास सांगितले जाते, पण किती घालावे हे सहसा कोणी सांगत नाही. दोष त्याचा नव्हे, न सांगणाऱ्यांचा आहे.

आपल्या शेतकऱ्याने थेंबाथेंबाचा हिशेब करावा असे आपण ठिबक आणि तुषार सिंचनाच्या प्रचारात त्यास सांगत असतो. तो हिशेब आपल्या दारापुढच्या शंभर चौरस मीटर जागेत आपण करून दाखविला, तर त्या सांगण्याला वजन येईल. शेतात जी हरळी पाण्यावाचून आठ महिने तगते, तिला अंगणात रोज नळीचे लाड नकोत. तिला हवी आहे खोल माती, मोजून दिलेली पाळी आणि दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती.